शेवंतीला लागणारा अंधार

अप्पांना जाऊन दोन महिने झाले तेव्हा अव्वा मला म्हणाली, वर्षाच्या दिवशी त्यांच्याभोवती पांढरी फुलं असली पाहिजेत. विकत आणलेली नकोत, तिथल्याच मातीतून आलेली हवीत.

"चोवीस जानेवारीला," मी म्हटलं.

"तारीख मला नको सांगू. थंडीच असती तवा. थंडीत काय फुलतं ते तू बघ. पोरांना झाडंच शिकवतीस ना?"

मी उमरग्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. बावीस वर्षं झाली. माहेर मुरूमपासून सहा किलोमीटरवर. घर गावाबाहेर, शेतातच. तिथं माझी आई, म्हणजे अव्वा, धाकटा भाऊ योगीराज आणि त्याची बायको राजेश्वरी राहतात. आम्ही लिंगायत. आमच्यात गेलेल्या माणसाला बसवून मातीत ठेवतात. अप्पांना बांधाकडच्या कोपऱ्यात ठेवलं, घराच्या दारातून दिसेल अशा जागी. योगीराजनं वर लहानसा चौथरा बांधून त्याला चुना लावला होता.

अप्पा रोज अंघोळ झाली की तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसत आणि त्यावर एक पांढरं फूल ठेवत. थंडीत बऱ्याच दिवशी फूल मिळायचं नाही. मग नुसती विभूती लावून उठत, पण उठताना एकदा दाराबाहेर, झाडांकडं बघत. अव्वाच्या डोक्यात ते बघणं असावं. ती तसं बोलली नाही.

मी वहीत तक्ता आखला. झाडाचं नाव, फुलण्याचे महिने, काळ्या जमिनीत तगतं की नाही. पारिजातक दसरा-दिवाळीला संपतो. मोगरा आणि अनंत उन्हाळ्यातले. जाई-जुई पावसाळ्यातल्या. पांढरा चाफा जानेवारीत पानंसुद्धा टाकून उभा असतो. निशिगंध थंडीत दांडा काढायला कुरकुरतो. तगर बारमाही म्हणतात, पण आमच्याकडं जानेवारीतल्या पहाटे पारा दहाच्या आसपास येतो आणि तगरीवर एखाद-दुसरं फूल राहतं. काट मारत मारत तीन नावं उरली. ती मी अव्वाला वाचून दाखवली.

"कुंद. हा ऐन थंडीत फुलतो."

"कुंद महादेवाला वाहत न्हाईत."

"का?"

"का ते मला काय इचारतीस? न्हाईत वाहत."

"मग कोरांटी. पांढरी असते, पाणीही कमी लागतं."

"काट्याची? जित्तेपणी काटे कमी मोडले का त्यांच्या पायात?"

राजेश्वरी भाकरी थापता थापता म्हणाली, "मग सदाफुली लावा की. बारा महिने असती, मरत बी न्हाय."

"सदाफुली गटारीकडंला बी येती," अव्वा म्हणाली. "तुला माझ्याभवती लावायची असंल तर लाव, मी गेल्यावर."

"लावते की. गटारीजवळच ठेवू तुम्हाला."

अव्वा त्या दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली. मग माझ्या वहीकडं बोट करून म्हणाली, "तिसरं काय?"

तिसरी शेवंती होती. तिला कुणाची हरकत नव्हती.

जुलैत मी सोलापूर रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेतून पांढऱ्या शेवंतीची सोळा रोपं आणली. सगळी एकाच आईची, म्हणजे एकाच झाडाच्या फुटव्यांपासून केलेली. बारा चौथऱ्याभोवती लावली आणि चार माझ्या उमरग्याच्या गच्चीवर, शेतातलीच माती भरून, कुंड्यांत ठेवली. दर रविवारी सकाळच्या बसनं मी जाई, शेंडे खुडी, खुरपणी करी आणि चारच्या बसनं परत येई. चौथऱ्यामागं एक लोखंडी खांब होता, वर सौर दिवा बसवलेला. त्याला पाठ टेकून मी फुटवे मोजत असे. शेंडे खुडल्यानं झाडं छान डेरेदार झाली. सप्टेंबर संपता संपता ती गुडघ्याला लागत होती आणि पानं इतकी गडद की मला थोडा अभिमानच वाटायला लागला होता.

दिवाळीच्या आत माझ्या गच्चीवरच्या चारही झाडांना ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या लागल्या. शेतातल्या बारांपैकी एकावरही कळी नव्हती.

भाऊबीजेला गेले तेव्हा मी योगीराजला आधी तेच विचारलं. "युरिया टाकलास का?"

"चिमूटभर न्हाय. आल्यावर भावाला ओवाळायचं सोडून युरिया काय इचारतीस?"

"पाणी?"

"अव्वा घालती. बादलीनं. मोजून."

मी पिशवीतून भिंग काढलं आणि एकेका झाडाचा शेंडा पाहिला. सगळीकडं पानंच होती. पानांच्या आत आणखी लहान पानं, त्यांच्या आत आणखी लहान. माती तीच, रोपं तीच, पाऊस तोच. तर मग काय वेगळं होतं, ते मला सुचेना. दुपारी जेवणं झाली, ओवाळणं झालं, आणि चारची बस आलीच नाही. राजेश्वरी म्हणाली, राहा आजच्या दिवस. मी दारात चहा घेत बसले होते. सव्वासहाच्या सुमाराला, कुणी काही न करता, चौथऱ्यामागच्या खांबावरचा दिवा लागला.

चांगला लख्ख पांढरा उजेड होता. मला दोनशे पावलांवरून शेवंतीचं पान न् पान दिसत होतं.

शेवंती दिवस लहान झाला म्हणून फुलते असं आपण म्हणतो. खरं म्हणजे ती रात्र मोठी झाली म्हणून फुलते. तिला रोज तेरा-चौदा तास सलग अंधार लागतो. मधे काही वेळ उजेड पडला तरी ती रात्र तिच्या हिशेबी रात्र नसते. या झाडांनी लावल्यापासून एकही रात्र पाहिली नव्हती. त्यांच्या दृष्टीनं अजून उन्हाळाच चालू होता. हा धडा मी बावीस वर्षं शिकवत आले आहे, आणि बारा झाडं दिव्याखाली लावून मोकळी झाले होते, कारण मी तिथं कधी अंधार पडेपर्यंत थांबलेच नव्हते.

मी योगीराजला सांगितलं.

"हे तर तू पोरांना शिकवतीस, अक्का."

"व्हय."

"म्हंजे तू नापास." तो हसला, मग माझ्याकडं बघून थांबला. "पण दिवा न्हाय काढता यायचा. अव्वानं बसवून घेतलाय तो. माती दिली त्याच्या तिसऱ्या दिवशी मला मुरूमला पिटाळलं होतं दिव्याला. एक दिस उशीर झाला तर रात्रभर कंदील घिऊन दारात बसली होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वा ओसरीत सुपात हरभरा निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि जमेल तेवढं सोपं करून सांगितलं. वर्षाच्या दिवसाला साडेअकरा आठवडे होते. आजपासून रात्री अंधार मिळाला तर फुलं येतील, अगदी कशीबशी येतील. आणखी पंधरा दिवस गेले तर येणार नाहीत.

"दिवा थोडे दिवस बंद ठेवावा लागेल, अव्वा. कळ्या टपोऱ्या झाल्या की परत लावू."

सूप थांबलं. "न्हाय."

"दीड-दोन महिनेच."

"एक रात्र बी न्हाय. चाळीस वर्षं ते अंधारात मोटार चालू करायला गेले. लाईट रात्रीचीच येती, माणूस काय करणार. आता म्या त्यांना अंधारात ठिवणार न्हाय."

तिनं सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

"त्या रात्री फ्यूज गेला होता," ती म्हणाली. "ते माघारी आले. मला म्हणाले, चल गं जरा, बॅटरी धर, एका हातानं तार बसंना. म्या म्हणलं, गुडघं धरल्यात, थंडी हाय, सकाळी बघा की. तर म्हणाले, सकाळी लाईट कुठं असती. आणि गेले."

हे तिनं आम्हां दोघांनाही सांगितलं नव्हतं. आम्हाला एवढंच माहीत होतं की सकाळी योगीराजला ते विहिरीजवळ, स्टार्टरच्या पेटीखाली सापडले आणि बॅटरी त्यांच्या अंगाखाली विझलेली होती.

"अव्वा, त्यांचं हृदय बंद पडलं. तू गेली असतीस तरी तेच झालं असतं. डॉक्टर म्हणाले, फार तर दहा मिनिटं—"

"दहा मिनिटं तर दहा मिनिटं. पण अंधारात का?"

तिनं सूप परत हलवायला सुरुवात केली.

योगीराजनं आपल्या परीनं दोन मार्ग काढले. पहिला, दिव्याला पत्र्याची टोपी बसवायची, म्हणजे उजेड फक्त चौथऱ्यावर पडेल. पण चौथऱ्याला चुना होता. त्यावरून परतलेला उजेडही झाडांना पुरेसा होता. दुसरा मार्ग त्यानं मला बाजूला घेऊन सांगितला. जानेवारीत सोलापुरातून फुललेल्या बारा कुंड्या आणू, कुंड्यांसकट जमिनीत पुरू, वरून माती लोटू. कुणाला कळणार आहे?

अव्वा दाराआड होती. "मला कळंल," ती म्हणाली. "आणि कुंड्या पुरायच्या असतील तर पयलं मला पुर."

तिसरा मार्ग मला बसमध्ये सुचला, आणि मी अर्ध्या वाटेतूनच घरी फोन केला. दिवा तसाच राहू दे. अंधार फक्त झाडांना द्यायचा. कोंबड्या झाकायला बुरूड करतात तसली मोठी डालगी घ्यायची, आतून दुहेरी गोणपाट शिवायचं. रोज संध्याकाळी साडेपाचला एकेका झाडावर एकेक डालगं पालथं घालायचं आणि सकाळी सातला काढायचं. एक दिवसही चुकवायचं नाही. योगीराजला दूध घालायला त्याच वेळी गावात जावं लागतं. राजेश्वरी म्हणाली, मी करीन.

"कुणी न्हाय," मागून अव्वाचा आवाज आला. "म्या करीन."

"अत्ती, तुमचे गुडघे—" राजेश्वरी सासूला म्हणाली.

"गुडघ्यांचं नाव काढू नको," अव्वा म्हणाली.

गुरुवारी मुरूमच्या बाजारातून बारा डालगी आली. दोन दिवस सासू-सुना गोणपाट शिवत बसल्या. शनिवारपासून काम सुरू झालं. रोज संध्याकाळी सहा वाजता मला फोन येई. "झाकली." एवढा एकच शब्द, आणि फोन बंद. मी तारखेपुढं खूण करी.

नोव्हेंबर असा गेला. रविवारी मी भिंग घेऊन जाई. चौथ्या रविवारी एका शेंड्यात, पानांच्या मधोमध, टाचणीच्या टोकाएवढं काहीतरी गोल दिसलं. पानाची सुरुवात टोकदार असते. हे गोल होतं. मी अव्वाला भिंगातून दाखवलं. तिनं बराच वेळ पाहिलं.

"मला काय दिसंना," ती म्हणाली. "पण तू म्हणतीस तर असंल."

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडं तीन दिवस ढगाळ होतं. फोन मात्र वेळेवर येत राहिला. त्याच्या पुढच्या बुधवारी परीक्षेचं काम दुपारीच संपलं आणि मी न कळवता निघाले. आमच्या फाट्यावर बस थांबली तेव्हा सात वाजत आले होते. फाट्यावरून आमचं शेत दिसतं. घरात दिवे लागले होते. बांधाकडचा कोपरा काळा होता.

मी सरळ वाटेनं न जाता ज्वारीच्या कडेकडेनं कोपऱ्याकडं निघाले, जवळजवळ पळतच. जवळ गेल्यावर आधी डालगी दिसली. एकात एक घालून बाजूला रचलेली. झाडं उघडी होती. अव्वा चौथऱ्याला टेकून जमिनीवर बसली होती.

"कोण? योगी?"

"मी, उमा. अव्वा, दिवा का लागला नाही?"

"म्या बंद केला. खाली बटण हाय त्याचं."

"कधी?"

"आठ दिस झाले की."

"आणि फोनवर रोज झाकली म्हणतीस?"

"मग काय म्हणू? झाडाला अंधार पायजे होता, अंधार हाय. बस खाली. असं उभं राहून तुझ्याच्यानं काय हुणार न्हाय."

मी बसले. ती सांगू लागली. आभाळ आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी डालगी घालत होती. सातवं-आठवं झालं तरी दिवा लागेना. तिला वाटलं, आता लागेल, मग लागेल. बारावं डालगं घालून झालं तरी लागला नाही.

"लई भ्यायले म्या," ती म्हणाली. "घराकडं निघाले तर पायाखालचं दिसंना. परत फिरले आणि हितंच बसले. म्हणलं, आता ह्यांच्याजवळच बसावं. मग बसल्या बसल्या थोड्या वेळानं बांध दिसायला लागला. मग विहिरीचा कठडा. मग आपलं लिंबाचं झाड. शेवटाला तर माझी बोटं बी दिसायला लागली. मला म्हायीतच न्हवतं उमा, अंधार किती असतो ते. म्या कधी आलेच न्हाय ना रात्रीची. घरात बसून वाटायचं, आंधळ्यासारखं होत असंल."

"मग दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी बी दिवा न्हाय लागला. म्या परत बसले. ऊन पडल्यावर लागला तर मीच बंद केला. त्या उजेडात काय बी दिसत न्हाय बघ. ह्यो चौथरा दिसतो, बाकी सगळं काळं."

तिचं खरं होतं. मलाही एवढ्यात बांध दिसू लागला होता. शेवंतीची झाडं अजून एकसारखी काळी होती.

अव्वानं पदर खांद्यावरून ओढून घेतला. मग तिनं विचारलं, "दहा मिनिटांत दिसतं का गं एवढं?"

काळोखाला डोळा पुरता सरावायला अर्धा तास लागतो. दहा मिनिटांत त्यातलं थोडं होतं. जवळच्या, मोठ्या वस्तू कळतात. रंग कळत नाहीत. बॅटरी कधी विझली हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं, आणि तो मुद्दा मी काढला नाही.

"सगळं नाही दिसत," मी म्हटलं. "बांध दिसतो. आभाळ दिसतं."

"आणि घर?"

"घरात दिवा होता त्या रात्री?"

"व्हता. म्या जागीच व्हते. म्हणलं, येतील आता."

"मग घर दिसलं असणार. दिवा लांबूनही दिसतो."

तिनं मान हलवली की नाही ते मला दिसलं नाही. थोड्या वेळानं ती जमिनीवर हात टेकून उठायला लागली. मी हात दिला, तो तिनं घेतला. आम्ही बॅटरी न लावता घरी गेलो. वाट तिला माझ्यापेक्षा चांगली माहीत झाली होती.

त्यानंतरही ती रोज संध्याकाळी जात राहिली. योगीराजनं एकदा विचारलं, आता डालगी नाहीत, दिवा नाही, तर रोज कशाला जातीस? ती म्हणाली, "तुला काय अडचण हाय?" त्यानं परत विचारलं नाही. जानेवारीत कळ्या हरभऱ्याएवढ्या झाल्या. आता दिवा लावला तरी चालेल, कळ्यांना काही होणार नाही, असं मी सांगितलं. अव्वानं ऐकून घेतलं आणि दिवा लावला नाही.

चोवीस तारखेला सकाळी स्वामी आले, गावातली तीस-चाळीस माणसं आली. बारांपैकी अकरा झाडांवर कळ्या होत्या. उमललेली फुलं चार. मी सकाळी दोनदा मोजली. थंडी जास्त पडली होती, त्यानं आठवडाभर उशीर झाला होता. कळ्यांच्या टोकांना फक्त पांढरी रेघ दिसत होती. माझा चेहरा पडलेला पाहून योगीराज हळूच म्हणाला, "काठावर पास, अक्का."

पूजेच्या वेळी स्वामींनी फूल मागितलं. अव्वानं चारांतलं एक खुडून त्यांच्या हातावर ठेवलं. बाकीची राहू दिली. शेजारची एक बाई म्हणाली, अगं, अजून फुललीच नाहीत. अव्वा म्हणाली, "फुलतील की. त्यांना कुठं जायचंय."

माणसं जेवून गेली. मी दुसऱ्या दिवशी उमरग्याला परतले. संध्याकाळचा फोन आता येत नव्हता. त्याचं कारण उरलं नव्हतं.

एक फेब्रुवारीला सकाळी पावणेअकराला, मी वर्गावर असताना, फोन आला. अव्वा त्या वेळी कधी फोन करत नाही. मी वर्गाबाहेर येऊन घेतला.

"सगळी फुटली," ती म्हणाली. "कालपर्यंत न्हवती. लांबून चुन्याचा ढीग टाकल्यासारखं दिसतंय. कवा येतीस?"

"रविवारी येते."

"रविवारी कशाला? आज ये."

मी वर्गात परत गेले, उरलेली दहा मिनिटं शिकवलं. मग कार्यालयात अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज दिला आणि मुरूमची बस धरली.